आपल्याविषयी कोणास विचारावे?

पदवीचा कागद हाती आला की घरात पेढे वाटले जातात, देवापुढे साखर ठेवली जाते, आणि चार-आठ दिवसांनी त्याच घरात एक लहानशी पंचाईत उभी राहते. नोकरीचा अर्ज भरावयाचा असतो. नाव, पत्ता, जन्मतारीख, परीक्षा, गुण हे रकाने भराभर भरून होतात. शेवटी एक रकाना उरतो : आपणांस चांगले ओळखणाऱ्या, परंतु आपले नातेवाईक नसलेल्या, दोन जबाबदार व्यक्तींची नावे, हुद्दे व पत्ते. येथे हात थांबतो. पूर्वी दौतीत बुडविलेला टाक थांबत असे, आता संगणकाच्या कळांवरची बोटे थांबतात, इतकाच काय तो फरक. मुलगा वडिलांकडे पाहतो, वडील आढ्याकडे पाहतात, आणि मग आतून आई म्हणते, "अहो, त्या आमदारांचे नाव घाला की! तुमच्या चुलतभावाच्या लग्नाला आले नव्हते का ते?"

आज ह्या एका रकान्याविषयी बोलावयाचे आम्ही योजिले आहे. वसंतातल्या संध्याकाळी जेथे वेदान्तावर आणि राज्यकारभारावर व्याख्याने होतात, तेथे हा विषय किरकोळ वाटेल हे आम्ही जाणतो. परंतु समोर बसलेल्यांपैकी पुष्कळांच्या घरी एखादा नवा पदवीधर असेल, आणि पुष्कळांचे नाव कोणी ना कोणी ह्या रकान्यात घातलेही असेल. आम्ही स्वतः त्याच्या दोन्ही बाजूंस उभे राहिलो आहोत. महाविद्यालयात शिकवीत असता आमचे नाव त्यात घातले गेले; आणि निवड समितीवर बसलो तेव्हा दुसऱ्यांनी घातलेल्या नावांकडे आम्ही विचारणा केली.

अशाच एका विचारणेची हकीकत सांगतो. एका संस्थेत हिशेबनिसाची जागा भरावयाची होती. मुलाखती झाल्या, आणि शेवटी दोन उमेदवार उरले. एक तालुक्याच्या गावचा मुलगा. गुण त्याचेच अधिक. त्याने दोन नावे दिली होती, एक माजी मंत्र्याचे आणि एक साखर कारखान्याच्या अध्यक्षांचे. मंत्र्यांकडून उत्तरच आले नाही. अध्यक्षांना दूरध्वनी केला, तर ते फार सौजन्याने बोलले. "मुलगा चांगला आहे. त्याचे वडील आपलेच आहेत." आम्ही विचारले, "त्याचे काम आपण पाहिले आहे का?" "चांगला आहे हो, घेऊन टाका!" यापलीकडे त्यांना सांगता येण्यासारखे काही नव्हते, आणि ह्यात त्यांचा दोष तो कोणता?

दुसरी उमेदवार मुलगी होती. तिने एक नाव आपल्या प्राध्यापिकेचे दिले होते आणि दुसरे एका औषधाच्या दुकानदाराचे. शिकत असताना संध्याकाळी ती त्या दुकानात वहीखाते पाहत असे. समितीतल्या एका गृहस्थांना हे नाव पाहून हसू आले. दुकानदाराला विचारले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, दोन वर्षांत रोकड एकदाच जुळली नाही. साठ रुपयांचा फरक होता. मी म्हटले, जाऊ दे, घरी जा. ती साडेनऊपर्यंत बसली, आणि चूक माझीच निघाली." समितीत पुढे चर्चा अशी झालीच नाही.

त्या मुलाची आठवण आम्हांस अजून बोचते. तो आळशी नव्हता, खोटा नव्हता. त्याच्या महाविद्यालयात त्याचे काम पाहिलेला एखादा शिक्षक खात्रीने असेल. परंतु ते नाव लहान, आणि मंत्र्यांचे मोठे, असा हिशेब त्याने किंवा त्याच्या वडिलांनी केला. हा हिशेब घरोघर होतो, म्हणून तो कोठे चुकतो हे पाहिले पाहिजे.

आपल्याकडे 'वशिला' आणि 'शिफारस' हे दोन शब्द इतके रुळले आहेत, की ह्या रकान्याचा अर्थही आपण त्यांच्यावरूनच लावतो. वशिला म्हणजे मध्यस्थी. मध्यस्थाचे वजन किती, हाच तेथे प्रश्न असतो. त्याला आपली माहिती असण्याची गरज नसते. रेफरन्स म्हणून जे नाव मागतात त्याचा अर्थ अगदी निराळा आहे. तो साक्षीदार होय. आणि साक्षीदाराची किंमत कशावरून ठरते, हे कोर्टाची पायरी न चढलेल्या माणसासही ठाऊक आहे. चौकात भांडण झाले, तर ते समोरून पाहणारा भाजीवाला हा साक्षीदार. चार मैलांवर राहणारे रावबहादूर नव्हेत. त्यांनी घटना पाहिलेली नसते, आणि ऐकीव गोष्टीला कोर्टात थारा नसतो. नोकरी देणाऱ्याला हेच विचारावयाचे असते : ह्या मुलाला काम करताना तुम्ही पाहिले आहे काय? किती दिवस? काय पाहिलेत?

म्हणून नाव निवडताना 'आपल्या ओळखीचा सर्वांत मोठा माणूस कोण' असा प्रश्न स्वतःस करू नये. 'माझे काम सर्वांत जवळून कोणी पाहिले' असा करावा. जवळून पाहणारा मनुष्य मोठाही असला तर दुधात साखर. परंतु साखर दुधाची जागा घेऊ शकत नाही.

येथे कोणी म्हणेल, हे तुम्हांला सांगावयास सोपे आहे. ज्याच्या घरात पहिलाच पदवीधर निपजला, त्याने नावे आणावीत कोठून? हा प्रश्न खरा आहे, आणि आम्ही तो टाळू इच्छीत नाही. मोठ्या ओळखी असलेल्या घरांतील मुलांना हा रकाना सोपा जातो, हे कबूल केलेच पाहिजे. तथापि साक्षीदाराच्या दृष्टीने पाहू लागले, की ओळखी नसलेल्या मुलाची बाजू वाटते तितकी लंगडी राहत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेतली हकीकत आपणांपैकी पुष्कळांस माहीत असेल. चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा रोज वाचीत बसलेला कृष्णाजी अर्जुन केळुसकर ह्यांनी पाहिला. केळुसकर विल्सन हायस्कुलात शिक्षक. मुलगा तेथला विद्यार्थीही नव्हता. त्यांनी चौकशी केली, पुस्तके देऊ केली, आणि १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे शिक्षण पैशावाचून अडले, तेव्हा केळुसकरांनीच सयाजीराव गायकवाड महाराजांकडे त्यांची गोष्ट काढली, आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. ही नोकरी नव्हे हे खरे. परंतु महाराजांसमोर उभे राहून केळुसकर जे सांगू शकले, ते कोणाकडून ऐकलेले नव्हते. मुलगा वाचतो हे त्यांनी बागेच्या बाकावर बसून, डोळ्यांनी, दिवसेंदिवस पाहिले होते. रामजी सुभेदारांच्या घरी बड्या ओळखींची रास पडलेली नव्हती. मुलाचे वाचन मात्र कोणीही पाहावे असे उघड्यावर चाललेले होते.

आजच्या विद्यार्थ्याची बाग कोणती? आम्हांस विचाराल तर पुष्कळ आहेत. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचे मार्गदर्शक ही पहिली. वर्गात एकशेवीस मुले असली, तर शिक्षकाला प्रत्येकाचा चेहरा आठवत नाही. पण प्रकल्पाच्या निमित्ताने सहा महिने खेटे घालणारा मुलगा आठवतो. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली. तिच्या शिबिरात ज्याने चाळीस जणांच्या जेवणाची व्यवस्था पाहिली, त्याच्याविषयी कार्यक्रम अधिकाऱ्यास बरेच सांगता येते. सुटीत ज्या कारखान्यात किंवा कचेरीत उमेदवारी केली, तेथला प्रत्यक्ष काम देणारा पर्यवेक्षक हाही तसाच. येथे 'प्रत्यक्ष' हा शब्द आम्ही मुद्दाम घालतो, कारण मुले त्या कारखान्याच्या व्यवस्थापकाचे नाव देतात, आणि व्यवस्थापकाने त्यांना निरोपाच्या दिवशी चहा पिताना एकदाच पाहिलेले असते.

आणि 'कमवा व शिका'! कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली. साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ साली निघाले, आणि श्रम करून शिकण्याची रीत तेथे महाविद्यालयात आली. पुढे विद्यापीठांनी तिच्या योजना केल्या. ह्या योजनेतील मुले ग्रंथालयात पुस्तके लावतात, कचेरीत टपाल नोंदवितात, बागेत खुरपतात. आमचा अनुभव असा, की ही मुले अर्जात ह्या कामाचा उल्लेखही करीत नाहीत. त्यांना त्याची लाज वाटते. एका मुलाने तीन वर्षे ग्रंथालयात काम केले होते. नाव देताना मात्र त्याने ज्यांच्याशी एकदाही बोलला नव्हता अशा प्राचार्यांचे दिले. आम्ही ग्रंथपालांना सहज विचारले, तर ते अर्धा तास बोलत होते. हरवलेली म्हणून नोंदलेली पुस्तके ह्या मुलाने चुकीच्या कपाटांतून कशी शोधून काढली, त्याने रजा किती घेतल्या, आणि न सांगता एकही कशी घेतली नाही. नोकरी देणाऱ्यास ह्याहून अधिक काय हवे असते?

नाव ठरले तरी काम संपत नाही. त्या माणसाची परवानगी घ्यावी लागते, आणि ती नीट घ्यावी लागते. "सर, तुमचे नाव दिले आहे हं!" असे जिन्यात भेटून सांगणे ही परवानगी नव्हे, ती बातमी झाली.

येथे आम्हांस स्वतःचा एक अपराध सांगितला पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी एक विद्यार्थी आमच्याकडे आला आणि त्याने पत्र मागितले. वर्गात तो असे, एवढेच आम्हांस आठवत होते. नाही म्हणणे जिवावर आले. आम्ही लिहिले, की हा विद्यार्थी नियमित व सुस्वभावी असून त्यास आमच्या शुभेच्छा आहेत. पत्रात एकही अक्षर खोटे नव्हते. पण ते कोणाविषयीही लिहिता आले असते. ज्यांच्या हाती ते पडले त्यांनी पुढे एकदा भेटीत म्हटले, "तुमच्या पत्रावरून आम्ही ओळखले, की मुलात सांगण्यासारखे काही नाही." मुलात पुष्कळ असेल, ठाऊक नव्हते ते आम्हांला! त्या दिवशी आम्ही स्पष्ट सांगितले असते, की बाबा रे, तुझे काम मी जवळून पाहिलेले नाही, ज्याने पाहिले त्याच्याकडे जा, तर त्याला क्षणभर वाईट वाटले असते, इतकेच. भिडेपायी आम्ही त्याचे नुकसान केले. तेव्हापासून आम्ही नाही म्हणावयास शिकलो.

म्हणून मुलांनी विचारतानाच शिक्षकाला सुटण्याची वाट ठेवावी. "माझ्याविषयी नेमके आणि चांगले सांगता येईल इतके आपण मला ओळखता का? नसेल तर मी दुसऱ्यांना विचारतो," असे म्हणावे. समोरचा माणूस घुटमळला, विषय बदलू लागला, किंवा "बघू" म्हणाला, तर ते नकाराचेच उत्तर समजावे आणि नमस्कार करून निघावे.

हे न विचारण्याचा परिणाम काय होतो, ह्याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. अल्बर्ट आइन्स्टाइन १९०० साली झुरिचच्या पॉलिटेक्निकमधून उत्तीर्ण झाला. तेथील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक हाइनरिख वेबर ह्यांच्याशी त्याचे बिनसलेले होते; तो त्यांना 'प्राध्यापक' न म्हणता नुसते 'वेबर महाशय' म्हणे. पुढे त्याने ठिकठिकाणच्या प्राध्यापकांकडे साहाय्यकाच्या जागेसाठी पत्रे पाठविली, आणि कोठेच दाद लागेना. वेबर आपल्याविषयी वाईट सांगत आहेत असा त्याला दाट संशय होता. एप्रिल १९०१ मध्ये त्याच्या वडिलांनी, मुलाला न कळविता, लाइपझिगचे रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्ड ह्यांना मुलासाठी विनवणीचे पत्र लिहिले. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावे असे ते पत्र आहे. पण बापाची साक्ष ती बापाची साक्ष, त्यातून काही निघाले नाही. शेवटी काम झाले ते वर्गमित्र मार्सेल ग्रोसमान ह्याच्यामुळे. त्याला आइन्स्टाइनची बुद्धी चार वर्षे शेजारी बसून ठाऊक होती. त्याने आपल्या वडिलांना सांगितले, वडिलांनी बर्नच्या पेटंट कचेरीच्या संचालकांना सांगितले, आणि जून १९०२ मध्ये आइन्स्टाइन तेथे रुजू झाला. ह्यात थोडा वशिलाही होता, असे कोणी म्हणेल. होता. पण त्याच्या मुळाशी पाहिलेले ज्ञान होते. गंमत अशी, की पुढे १९१० साली नोबेल पारितोषिकासाठी आइन्स्टाइनचे नाव प्रथम सुचविले ते ह्याच ओस्टवाल्ड ह्यांनी. तेव्हा त्यांच्यासमोर बापाचे पत्र नव्हते, मुलाचे काम होते.

आता चांगली साक्ष कशी असते, हे पाहावयाचे तर केंब्रिजला जावे लागेल. १८३१ साली 'बीगल' नावाचे सर्वेक्षणाचे जहाज दक्षिण अमेरिकेकडे निघावयाचे होते, आणि कप्तान फिट्झरॉय ह्यांना बरोबर एक निसर्गाभ्यासी सद्गृहस्थ हवा होता. विचारणा वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक हेन्स्लो ह्यांच्याकडे आली. त्यांनी नाव सुचविले ते बावीस वर्षांच्या एका नव्या पदवीधराचे, चार्ल्स डार्विनचे. डार्विन वर्गातला तेजस्वी विद्यार्थी नव्हता, परंतु तो हेन्स्लोंबरोबर इतका भटके, की केंब्रिजमध्ये 'हेन्स्लोंबरोबर फिरणारा' अशीच त्याची ओळख झाली होती. हेन्स्लोंनी काय सांगितले ते ध्यानात घेण्यासारखे आहे. हा तयार झालेला निसर्गशास्त्रज्ञ आहे असे आपण म्हणत नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. परंतु नमुने गोळा करणे, निरीक्षण करणे आणि टिपून ठेवण्याजोगे ते टिपणे, ह्यांस तो पुरेपूर लायक आहे, असे त्यांनी कळविले.

आपल्याकडचे शिफारसपत्र असते तर त्यात हा मुलगा प्रतिसूर्य ठरला असता! हेन्स्लोंनी त्यातले काय नाही ते आधी सांगितले, म्हणून जे आहे ते खरे वाटले. आणि जे आहे म्हणून सांगितले ते जहाजावरच्या कामास नेमके लागणारे होते. (घरी डार्विनच्या वडिलांचा ह्या सफरीस विरोध होता, आणि तो मामा जोसाया वेजवुड ह्यांनी मोडून काढला, ही कथा वेगळी, पण मामाची शिफारस बापापुढेच कामास आली, जहाजावर नव्हे.)

ह्यावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते. नोकरी बदलली, की साक्षीदारही बदलावा लागतो. शाळेतील जागेसाठी, तुम्हांला मुलांना शिकविताना पाहिलेला मनुष्य हवा; प्रयोगशाळेतील जागेसाठी, हातात काचेची नळी धरताना पाहिलेला. एकच दोन नावे दहा अर्जांवर चिकटविणे म्हणजे एकच अंगरखा घरातल्या सर्वांना घालणे होय. अर्ज पाठविला, की त्याची एक प्रत, जाहिरातीसह, त्या व्यक्तीकडेही पाठवावी, आणि आपल्या कोणत्या कामाविषयी विचारणा होण्याचा संभव आहे तेही दोन ओळींत कळवावे. तिने काय बोलावे हे मात्र शिकवू नये. शिकविलेला साक्षीदार पहिल्याच उलट प्रश्नाला कोसळतो.

सरकारी नोकरीची गोष्ट थोडी निराळी आहे, आणि तेथे गल्लत होते. निवड झाल्यावर साक्षांकन नमुना भरून द्यावा लागतो, आणि त्यात आपल्या भागातील, आपणांस ओळखणाऱ्या दोन जबाबदार व्यक्तींची नावे मागितलेली असतात. तेथे प्रश्न कामाचा नसून वर्तनाचा व वास्तव्याचा असतो. म्हणून तेथे वर्षानुवर्षे शेजारी राहिलेले शिक्षक, डॉक्टर किंवा निवृत्त अधिकारी हेच योग्य. महाविद्यालयाचा चारित्र्याचा दाखला हीही निराळी वस्तू; तो शेकड्यांनी छापून ठेवलेला असतो आणि त्याला कोणी साक्ष मानीत नाही.

खाजगी कंपन्यांच्या बाबतीत दुसरी एक अडचण आहे. जेथे पूर्वी काम केले तेथील कचेरीकडे अधिकृत विचारणा केली, तर पुष्कळदा हुद्दा आणि तारखा ह्यांपलीकडे काही सांगत नाहीत. पुष्कळांस ही सावधगिरी कायद्याच्या भीतीने शिकविली आहे. इंग्लंडमध्ये १९९४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने असा निकाल दिला, की जुन्या नोकराविषयी हलगर्जीपणाने चुकीची माहिती लिहिली, आणि त्यामुळे त्याचे नुकसान झाले, तर लिहिणारा मालक जबाबदार धरला जाऊ शकतो. तेव्हा कचेरीऐवजी, ज्याच्या हाताखाली काम केले त्या माणसाचे नाव, त्याला विचारून, द्यावे.

एवढ्या खटाटोपाला फळ किती, असा प्रश्न कोणी केला तर तोही रास्त आहे. अमेरिकेतील फ्रँक श्मिट व जॉन हंटर ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली ८५ वर्षांचे संशोधन एकत्र करून, माणसे निवडण्याच्या १९ पद्धती ताडून पाहिल्या. पुढे प्रत्यक्ष कामात दिसणाऱ्या गुणांशी पूर्ण मेळ बसला तर १ धरावयाचा. ह्या मापाने प्रत्यक्ष काम करवून पाहण्याच्या चाचणीस ०.५४ मिळाले, ठरावीक प्रश्नांच्या मुलाखतीस ०.५१, आणि रेफरन्सच्या चौकशीस अवघे ०.२६. पुढे २०२२ साली सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्यांतील बरेच आकडे फुगलेले असल्याचे दाखवून दिले. म्हणजे चौकशीवर सर्व काही अवलंबून असते असे मुळीच नाही. ह्या दुबळेपणाचे एक कारण आम्हांस उघड दिसते : बहुतेक साक्षी आमच्या त्या पत्रासारख्या, कोणासही लागू पडणाऱ्या असतात. त्यांतून निवडणाऱ्यास कळणार काय? पण जेव्हा दोन उमेदवार सारखे उरतात, आणि शेवटी ते बहुधा सारखेच उरतात, तेव्हा औषधाच्या दुकानदाराचे चार शब्द पारडे खाली नेतात.

आणखी एक गोष्ट राहिली. नोकरी लागली किंवा न लागली, तर ते त्या व्यक्तीस कळवावे. आमचा एक विद्यार्थी, त्याच्यासाठी आम्ही मनापासून दोन पाने लिहिली होती, तीन वर्षांनी रेल्वेच्या फलाटावर भेटला. म्हणाला, "सर, ती नोकरी तेव्हाच लागली!" आम्हांस आनंद झाला, परंतु मनात दुसरेच आले. मधल्या काळात त्याच कचेरीत जागा निघाली असता आमच्या एका विद्यार्थिनीने आमचे नाव देऊ का म्हणून विचारले होते, आणि आम्ही तिला म्हटले होते, "तेथे माझ्या शब्दाचा उपयोग होत नाही, असे दिसते. तू दुसरे कोणी पाहा."